मेमरी कार्ड पुन्हा पुन्हा 'फॉरमॅट करा' म्हणतंय? आधी थांबा, मग दोषी शोधा

लक्षण असं. कालपर्यंत कार्ड व्यवस्थित चालत होतं. आज कॅमेरा, फोन किंवा रेकॉर्डर चालू केला की स्क्रीनवर 'कार्ड एरर' येतं. कार्ड काढून लॅपटॉपला लावलं, तर तो म्हणतो, वापरण्याआधी हे फॉरमॅट करावं लागेल. आपण फॉरमॅट मारतो, सगळं सुरळीत होतं, आठ-दहा दिवस जातात आणि पुन्हा तेच. एकदा घडलं तर अपघात म्हणून सोडून देता येतं. दुसऱ्यांदा घडलं, की त्यामागे कारण आहे आणि फॉरमॅटने ते गेलेलं नाही, असं धरूनच चाला.

माझ्याकडे हा त्रास बरेच आठवडे चालला. आत्या ब्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या लहानपणाच्या आठवणी तिच्याच आवाजात जपाव्यात म्हणून मी एका छोट्या ऑडिओ रेकॉर्डरवर तिचं बोलणं टिपत होतो. रेकॉर्डरला मोठं एसडी कार्ड लागतं. माझ्याकडे ३२ जीबीचं मायक्रोएसडी होतं, ते अ‍ॅडॅप्टरमध्ये घालून वापरायचो. पहिल्यांदा एरर आली तेव्हा सरळ फॉरमॅट मारला. त्यात एक रेकॉर्डिंग गेलं. अकरा दिवसांनी पुन्हा एरर, पुन्हा फॉरमॅट, आणखी एक रेकॉर्डिंग गेलं. मग कार्डच खराब झालंय असं ठरवून नवं घेतलं. ते तीन आठवडे चाललं आणि त्यावरही तोच मेसेज आला. त्या दिवशी मात्र मी फॉरमॅट मारला नाही. कागद-पेन घेऊन बसलो.

त्या कागदावरून जे कळलं ते पुढे सांगतो. पण त्याआधी एक गोष्ट, कारण हे वाचणाऱ्यांपैकी काहींच्या हातात आत्ता तेच कार्ड असेल.

आधी कार्डावर लिहिणं बंद करा

एरर आली की पहिलं काम म्हणजे कार्ड बाहेर काढून बाजूला ठेवणं. आणखी एखादा फोटो काढून बघू, असं करू नका. फॉरमॅटला 'हो' म्हणू नका. विंडोज 'स्कॅन अँड फिक्स' विचारत असेल, तर त्यालाही आत्ता नको म्हणा. ही दुरुस्ती वाईट नसते, पण ती कार्डावरच बदल करते. तुटलेल्या फाइलींचे तुकडे उचलून ती 'फाउंड.०००' अशा फोल्डरमध्ये निनावी फाइली म्हणून टाकते, आणि मग मूळ मांडणी हाताला लागत नाही.

फॉरमॅटचा मेसेज आला म्हणजे डेटा गेला, असं नसतं. कार्डावर कोणती फाइल कुठे आहे याची एक यादी असते. त्या यादीची सुरुवातच वाचता आली नाही, तर कॉम्प्युटरला सगळं कार्ड कोरं वाटतं आणि म्हणून तो फॉरमॅट सुचवतो. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली तरी आतली पानं जागेवर असतात, तसंच हे. साध्या क्विक फॉरमॅटमध्येही बहुतेकदा नवी कोरी अनुक्रमणिका चिकटवली जाते, एवढंच. खरं नुकसान होतं ते त्यानंतर, नव्या फाइली जुन्या पानांवर लिहिल्या जातात तेव्हा. काही उपकरणं आणि काही फॉरमॅट सॉफ्टवेअर मात्र कार्डाला आतली जागा पुसून टाकण्याची आज्ञाही देतात. ती एकदा गेली की परत मिळण्यासारखं फारसं उरत नाही. म्हणून 'फॉरमॅट झाला तरी रिकव्हर करता येतं' या भरवशावर राहू नका.

फॉरमॅट मारल्यावर बरं का वाटतं

या प्रश्नाचं उत्तर कळलं, तेव्हा मला माझी चूक समजली. फॉरमॅट मारताना आपण नकळत दोन गोष्टी करतो. एक म्हणजे बिघडलेली यादी पुसून नवी लिहितो. दुसरी म्हणजे त्यासाठी कार्ड उपकरणातून काढतो, लॅपटॉपच्या कार्ड रीडरमध्ये घालतो, पुन्हा काढतो, पुन्हा उपकरणात घालतो. या काढघालीत कार्डाचे सोनेरी पट्टे स्लॉटमधल्या स्प्रिंगवर घासले जातात आणि सैल झालेला स्पर्श काही दिवसांपुरता नीट होतो. श्रेय मिळतं फॉरमॅटला, काम मात्र घासण्याने केलेलं असतं.

आणि यादी बिघडते कशामुळे? बहुतेक वेळा लिहिणं चालू असताना मध्येच वीज तुटल्यामुळे. बॅटरी संपणं, कार्ड ओढून काढणं, कॉन्टॅक्ट क्षणभर सुटणं, कार्डाच्या दृष्टीने हे सगळं सारखंच. रेकॉर्डिंग करताना उपकरण आधी आवाज किंवा चित्र लिहीत जातं आणि फाइल किती मोठी आहे, तिचे तुकडे कुठे आहेत, ही नोंद बरीचशी शेवटी पुरी करतं. मध्येच तुटलं की फाइल शून्य बाइटची दिसते किंवा उघडतच नाही. त्यातही ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर ही यादी सहसा 'फॅट३२' नावाच्या पद्धतीने मांडलेली असते आणि त्यात यादीच्या दोन प्रती ठेवायची पद्धत आहे. त्याहून मोठ्या कार्डांवरच्या 'एक्सफॅट' या पद्धतीत साधारणपणे एकच प्रत असते. त्यामुळे मोठ्या कार्डांच्या बाबतीत ओढून काढण्याची सवय जास्त महागात पडते.

इथे अनेकांना पडणारा प्रश्न असा, की आज लिहीत असलेली फाइल गेली हे समजतं, पण महिन्यापूर्वीचे फोटो का गेले? त्याचं उत्तर कार्डाच्या आत आहे. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात फ्लॅश मेमरी शोधली, आणि आजच्या कार्डांत असते ती नँड जातीची मेमरी १९८७ मध्ये मांडली गेली. तिचा स्वभाव असा, की लिहिता येतं छोट्या पानावर, पण पुसायचं असेल तर कित्येक पानांचा अख्खा ब्लॉक एकदम पुसावा लागतो. म्हणून कार्डातला छोटा कंट्रोलर, म्हणजे मेमरीचा कारभार बघणारी चिप, सतत आवराआवर करत असतो. जुन्या ब्लॉकमधली कामाची पानं उचलून दुसरीकडे ठेवायची, जुना ब्लॉक पुसायचा आणि कोणतं पान कुठे हलवलं याचा स्वतःचा वेगळा हिशेब ठेवायचा. या धामधुमीत वीज गेली, तर आज न शिवलेल्या फाइलचं पानही वाटेत हरवू शकतं. कंट्रोलरचा हिशेबच चुकला, तर सगळं कार्ड 'नाही' होऊन बसतं. लाल दिवा विझल्यावरही दोन-तीन सेकंद थांबून मग कार्ड काढावं, ते यासाठी.

काय बदललं आणि काय तेच राहिलं

आता त्या कागदाकडे येतो. वर तारखा, खाली रकाने: कोणतं उपकरण, कोणतं कार्ड, कोणता अ‍ॅडॅप्टर, बॅटरी किती होती, एरर नेमकी कशाच्या वेळी आली. तीन एररच्या तीन ओळी झाल्या. कार्डाच्या रकान्यात दोन वेगळी नावं होती. बॅटरी एकदा भरलेली, दोनदा अर्धी. एरर दोनदा रेकॉर्डिंग चालू असताना आली आणि एकदा रेकॉर्डर चालू करताना. तिन्ही ओळींत रेकॉर्डर तोच होता, लॅपटॉपचा रीडर तोच होता आणि अ‍ॅडॅप्टरही तोच होता. नवं कार्ड आलं तेव्हा त्याच्यासोबतचा नवा अ‍ॅडॅप्टर पाकिटातच राहिला होता. जुना हाताशी होता म्हणून कार्ड त्यातच सरकवलं होतं.

परत परत येणाऱ्या बिघाडात संशय घ्यायचा तो न बदललेल्या गोष्टीवर. मग एकेका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि त्रास थांबला, तर कशाने थांबला ते कळत नाही.

दादाच्या कॅमेऱ्यातलं मोठं एसडी कार्ड, म्हणजे ज्याला अ‍ॅडॅप्टर लागतच नाही असं, आठवडाभर मागून घेतलं आणि रेकॉर्डरमध्ये घातलं. रोज दोन-दोन तास रेकॉर्डिंग केलं, एकही एरर नाही. रेकॉर्डर सुटला. माझी दोन्ही मायक्रोएसडी अ‍ॅडॅप्टरशिवाय, रीडरच्या छोट्या स्लॉटमध्ये थेट घालून पूर्ण तपासली. तपासणी कशी करायची ते पुढे येतंच. अर्थात नव्या कार्डावरचा डेटा वाचवून झाल्यावरच. दोन्ही कार्डं पास झाली. कार्डंही सुटली. मग नव्या कार्डाचा पाकिटातला अ‍ॅडॅप्टर काढला आणि त्यात कार्ड घालून वापरलं. महिना गेला, काही नाही. शेवटी खात्रीसाठी रिकामं कार्ड जुन्या अ‍ॅडॅप्टरमध्ये घालून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि रेकॉर्डरच्या पाठीवर बोटाने हलकं टकटक केलं. चौथ्या-पाचव्या टकटकीला स्क्रीनवर 'कार्ड एरर'.

तो अ‍ॅडॅप्टर भिंगाखाली धरला. मायक्रोएसडीला आठ पट्टे असतात आणि अ‍ॅडॅप्टरच्या तोंडात त्यांना टेकणाऱ्या आठ बारीक पितळी रंगाच्या स्प्रिंगा असतात. सात स्प्रिंगांची टोकं सारखी वर उचललेली होती. कडेकडची एक मात्र दबून जवळजवळ सपाट झाली होती आणि तिच्या टोकावर काळपट रेघ होती. कानाजवळ धरून हलवलं की आतलं कार्ड 'टक्' वाजायचं. नव्या अ‍ॅडॅप्टरमध्ये असा आवाज येत नव्हता.

अ‍ॅडॅप्टर, स्लॉट आणि रीडर

अ‍ॅडॅप्टरमध्ये कसलीही बुद्धी नसते, फक्त तारा असतात. म्हणूनच त्याच्यावर कुणाला संशय येत नाही. पण आठांपैकी एक पट्टा कार्डाला वीज पुरवतो, एक ग्राउंड असतो आणि बाकीचे आज्ञा, ठोका (देवाणघेवाणीचा ताल ठरवणारा क्लॉक) आणि डेटा वाहून नेतात. डेटाच्या पट्ट्याचा स्पर्श सुटला, तर उपकरणाला निदान चूक कळते. प्रत्येक देवाणघेवाणीसोबत एक पडताळणीचा आकडा जातो, तो जुळला नाही की पुन्हा प्रयत्न होतो आणि फारच झालं तर एरर येते. विजेच्या पट्ट्याचा स्पर्श क्षणभर सुटला, तर मात्र कार्ड चालू कामातून मरतं आणि पुन्हा जागं होतं ते पहिल्यापासून ओळख करून द्यावी लागेल अशा अवस्थेत. उपकरणाला वाटतं, कार्ड उत्तरच देत नाही. तुम्ही कार्ड काढून परत घालता, ओळख नव्याने होते आणि सगळं 'आपोआप' ठीक होतं. म्हणजे नुसतं काढून घातल्याने एरर जात असेल, तर आधी स्पर्श तपासा, कार्ड मागाहून.

पट्टे पुसायचे असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब धागे न सुटणाऱ्या कापडावर घ्या, हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पेन्सिलच्या खोडरबराने घासण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. मी तो देणार नाही. पट्ट्यांवरचा सोन्याचा थर फार पातळ असतो, रबर तो खरवडतं आणि पुढच्या वेळी गंज लवकर धरतो. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकरही मारू नका, तिच्यासोबत ओलावा आत जातो.

मोठ्या एसडी कार्डाच्या आणि अ‍ॅडॅप्टरच्या डाव्या कडेला लॉकची छोटी पट्टी असते. अनेकांना वाटतं, ती कार्डाच्या आत काहीतरी बंद करते. तसं नाही. ती नुसता प्लॅस्टिकचा तुकडा आहे, कार्डाला तिचा पत्ताच नसतो. ती कुठे आहे हे स्लॉटमधली एक पिन चाचपडून बघते आणि त्यावरून उपकरण लिहायचं की नाही ते ठरवतं. ही पट्टी सैल झाली की कार्ड आत ढकलताना खाली सरकते आणि 'कार्ड लॉक्ड' किंवा 'राइट प्रोटेक्टेड' येतं. कधी येतं, कधी येत नाही. अ‍ॅडॅप्टर बदलला की प्रश्न मिटतो. मोठं कार्ड असेल, तर पट्टी वर सरकवून त्या खाचेवर पातळ चिकटपट्टीचा अगदी लहान तुकडा लावता येतो. पण तो कडेबाहेर येता कामा नये, नाहीतर स्लॉटमध्ये अडकून बसेल.

रीडरबद्दल थोडक्यात. दुसरा रीडर वापरून बघितल्याशिवाय कोणत्याही कार्डाला मेलेलं ठरवू नका, आणि रीडर यूएसबी हबला न लावता थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा.

कार्डच दोषी असेल तर

कार्ड दोषी असण्याचे दोन प्रकार जास्त भेटतात. एक म्हणजे डुप्लिकेट कार्ड आणि दुसरं झिजलेलं कार्ड. दोन्ही ओळखता येतात.

डुप्लिकेट कार्डाची लबाडी अशी असते, की आत मेमरी असते समजा ८ जीबी, पण कंट्रोलरला १२८ सांगायला शिकवलेलं असतं. कॉम्प्युटर विश्वास ठेवतो. पहिले ८ जीबी व्यवस्थित भरतात. त्यापुढे लिहिलेलं हवेत जातं किंवा फिरून आधीच्याच जागेवर लिहिलं जातं. फाइलींची नावं दिसतात, आकार दिसतो, पण उघडायला गेलं की अर्धा फोटो करडा किंवा फाइलच करप्ट. आणि जागा फिरून आली की यादीवरच घाव पडतो आणि मग 'फॉरमॅट करा'. फॉरमॅटनंतर कार्ड पुन्हा रिकामं, म्हणून पुन्हा पहिले ८ जीबी छान. तुमचा त्रास ठरावीक दिवसांनी न येता ठरावीक प्रमाणात कार्ड भरल्यावर येत असेल, तर हाच संशय पहिला घ्या.

इथे एक गैरसमजही दूर करतो. ३२ जीबीचं कार्ड कॉम्प्युटरवर साधारण २९.८ दिसतं, ६४ चं ५९.६ आणि १२८ चं ११९ च्या आसपास. ही फसवणूक नाही. कार्ड बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, एवढाच फरक. डुप्लिकेट कार्ड दिसताना बरोबर तेवढंच दिसतं. म्हणून दिसणाऱ्या आकड्यावरून काहीच ठरत नाही.

ठरतं ते पूर्ण भरून परत वाचल्यावर. विंडोजवर 'एचटूटेस्टडब्ल्यू' आणि लिनक्स किंवा मॅकवर 'एफ३' ही मोफत साधनं हेच करतात. ती कार्ड काठोकाठ ओळखीच्या डेटाने भरतात आणि मग प्रत्येक बाइट परत वाचून जुळवतात. आधी कार्डावरचं सगळं दुसरीकडे कॉपी करून कार्ड रिकामं करा. वेळ लागतो. ६४ जीबीचं कार्ड सेकंदाला २० एमबी वेगाने लिहीत असेल, तर नुसतं भरायलाच जवळपास ५३ मिनिटं. तेवढा वेळ द्या. मी आता प्रत्येक नवं कार्ड पहिल्या दिवशी असंच तपासतो, कारण त्या दिवशी त्यावर हरवण्यासारखं काही नसतं आणि परत करायची मुदतही शिल्लक असते.

दुसरा प्रकार झिजेचा. मेमरीची प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच पुसून लिहिता येते. आजच्या बहुतेक कार्डांत हा आकडा काही शे ते काही हजार असतो. फोटो काढणाऱ्याला तो सहसा गाठता येत नाही. पण गाडीतला डॅशकॅम किंवा घरातला सीसीटीव्ही कॅमेरा दिवसरात्र जुन्यावर नवं लिहीत असतो. तिथे साधं कार्ड लवकर थकतं. त्यासाठी 'हाय एन्ड्युरन्स' म्हणून वेगळी कार्डं मिळतात, तीच घ्या. उष्णताही वाईट. झिजलेल्या पेशीतला विद्युतभार उकाड्यात लवकर गळतो आणि काचेमागे उन्हात तापणारा डॅशकॅम दोन्ही बाजूंनी मारा करतो.

थकलेल्या कार्डाचं एक लक्षण इतकं चमत्कारिक आहे, की पहिल्यांदा पाहिल्यावर माझा विश्वासच बसला नाही. एका नातेवाइकाच्या डॅशकॅममधलं कार्ड होतं. सगळ्या फाइली डिलीट केल्या. फोल्डर रिकामं दिसलं. कार्ड काढून परत घातलं आणि सगळ्या फाइली जागच्या जागी. फॉरमॅट मारला, 'यशस्वी' म्हणून मेसेज आला. काढून घातलं, फाइली पुन्हा हजर. नवी फाइल टाकली, दिसली. काढून घातलं, गायब. कंट्रोलरने सुट्टे ब्लॉक संपल्यावर किंवा आतल्या चुका हाताबाहेर गेल्यावर कार्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवलेलं असतं. आपण लिहिलेलं कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तात्पुरत्या स्मरणात दिसतं, कार्डात काहीच उतरत नाही. अशा कार्डावर राइट प्रोटेक्शन काढायचे नाना उपाय सांगितले जातात. त्यांत वेळ घालवू नका, लॉक कार्डाच्या आत लागलंय आणि ते तिथून निघत नाही. कार्ड वाचू देतंय, ही संधी समजून सगळं कॉपी करा आणि त्याला निवृत्त करा.

कुणाचाच दोष नसतो तेव्हा

कधी कधी कार्डही धडधाकट असतं आणि स्लॉटही, तरी उपकरण फॉरमॅट मागतं. एसडी कार्डाच्या पिढ्या आहेत. मूळ एसडी २ जीबीपर्यंत, २००६ पासूनचं एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत, २००९ पासूनचं एसडीएक्ससी २ टीबीपर्यंत. नवं उपकरण जुनी कार्डं वाचतं, उलटं चालत नाही. जुन्या उपकरणावर फक्त एसडीएचसीची खूण असेल, तर ६४ जीबीच्या कार्डावरचं एक्सफॅट त्याला वाचता येत नाही आणि ते फॉरमॅट मागत राहतं. उपाय म्हणजे ३२ किंवा त्याहून लहान कार्ड.

अँड्रॉइड फोनचं प्रकरण जास्त धोक्याचं. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून काही फोनमध्ये कार्ड 'इंटर्नल स्टोरेज' म्हणून जोडायची सोय आली. तसं जोडलेल्या कार्डावरचा डेटा एन्क्रिप्ट होतो, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा होतो, आणि त्याची किल्ली त्या फोनमध्येच राहते. ते कार्ड लॅपटॉपला लावलं की तो 'फॉरमॅट करा' म्हणणारच. 'हो' म्हटलंत की संपलं, आणि फोन रीसेट केलात तरी संपलं. कार्ड मूळ फोनमध्ये परत घाला, डेटा तिथूनच बाहेर काढा.

व्हिडिओ रेकॉर्डिंग मध्येच थांबत असेल, तर ते दर वेळी एकाच ठिकाणी थांबतं का बघा. फाइल ४ जीबीला पोचली की थांबत असेल, तर ती फॅट३२ ची मर्यादा आहे, कार्डाचा बिघाड नाही. कधीही, कुठेही थांबत असेल, तर कार्डाचा वेग पुरत नसेल. पाकिटावर ठळक छापलेला मोठा आकडा बहुतेक वेळा वाचण्याचा कमाल वेग असतो, त्याकडे बघू नका. सलग लिहिण्याचा किमान वेग सांगतात त्या बारीक खुणा. गोलातले १० म्हणजे सेकंदाला १० एमबी, व्ही३० म्हणजे ३०, व्ही६० म्हणजे ६०. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिटने रेकॉर्ड करत असेल, तर आठने भागा, साडेबारा एमबी लागतात. क्लास १० ची हमी तिथे कमी पडते, व्ही३० आरामात पुरतं.

डेटा परत काढताना

नव्या कार्डावरची आत्याची रेकॉर्डिंग्ज मी अशी काढली. आधी कार्डाची जशीच्या तशी प्रत लॅपटॉपच्या डिस्कवर एका मोठ्या फाइलमध्ये घेतली. लिनक्सवरचं 'डीडीरेस्क्यू' यासाठी उत्तम. वाचता येईल ते सगळं आधी उचलतं, अडलेल्या जागा नोंदवून ठेवतं आणि त्यांच्याकडे नंतर वळतं. पुढचं सगळं काम त्या प्रतीवर. कार्ड पाकिटात घालून ठेवून दिलं. आजारी कार्डाला पुन्हा पुन्हा वाचायला लावणं हाही त्याच्यावर ताणच असतो, आणि प्रत हातात असली की चुकायची भीती राहत नाही.

मग त्या प्रतीवर 'फोटोरेक' चालवलं. नाव फोटोचं असलं तरी ते आवाज, व्हिडिओ, कागदपत्रं असं बरंच काही शोधतं. यादीकडे न बघता ते फाइलींच्या सुरुवातीच्या ओळखीच्या खुणा शोधत जातं. त्यामुळे यादी पूर्ण गेलेली असली तरी चालतं, मात्र मूळ नावं मिळत नाहीत. फाइलींना आकड्यांची नावं येतात आणि त्या एकेक उघडून ओळखाव्या लागतात. सापडलेलं सगळं दुसऱ्या डिस्कवर साठवा, त्याच कार्डावर कधीच नाही. एमपी४ व्हिडिओ अर्धवट राहिल्याने उघडत नसेल, तर 'अनट्रंक' नावाचं मोफत साधन आहे. ते त्याच कॅमेऱ्याच्या एखाद्या चांगल्या फाइलवरून बिघडलेल्या फाइलची रचना ओळखतं. कार्ड कोणत्याच रीडरला दिसत नसेल, शून्य क्षमता दाखवत असेल, तर घरी काही करू नका. त्यातला डेटा मोलाचा असेल तर मेमरी चिपमधून थेट वाचणाऱ्या जाणकारांकडे न्या, नसेल तर सोडून द्या.

नव्या कार्डावर तीन रेकॉर्डिंग्ज होती. दोन पूर्ण निघाली. तिसरं, एरर आली तेव्हाचं, ११ मिनिटं ४० सेकंदांपर्यंत आहे आणि मग वाक्याच्या मध्येच तुटतं. आधीची दोन, फॉरमॅट मारून ज्यांच्यावर मी नवं रेकॉर्ड केलं, ती मिळाली नाहीत. आत्याने त्यातलं जेवढं आठवलं तेवढं पुन्हा सांगितलं.

आता रेकॉर्डरमध्ये मोठं एसडी कार्डच असतं, अ‍ॅडॅप्टरशिवाय. दर बैठकीनंतर रेकॉर्डर बंद करून, मग कार्ड काढून, त्याच संध्याकाळी दोन ठिकाणी कॉपी करतो. कार्ड रिकामं करायचं असेल, तर दोन्ही प्रती उघडून ऐकल्यावरच आणि रेकॉर्डरच्याच मेनूतून फॉरमॅट करतो, म्हणजे फोल्डरांची मांडणी त्याला हवी तशी होते. ती दोन मायक्रोएसडी अजून चालतात, एक फोनमध्ये आहे. जुना अ‍ॅडॅप्टर मी कात्रीने मधोमध कापून टाकला. ड्रॉवरमध्ये ठेवला असता, तर घरातल्या कुणीतरी कधीतरी तोच उचलला असता.